आम्ही फ्लॉरेन्सला होतो तेव्हा

लग्नानंतर फिरायला कुठं जायचं, हे नवऱ्यानं मला साखरपुड्यातच विचारलं होतं. त्याचे मित्र कुणी बालीला जाऊन आले होते, कुणी थायलंडला. मी म्हणाले, "इटली." तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "बरं. बघू." आणि त्यानं खरंच बघितलं. व्हिसा, विमान, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, सगळं त्यानं स्वतः बसून जमवलं. त्या वेळी मी त्याला 'तुम्ही' म्हणत होते.

इटली माझ्या डोक्यात बाबांमुळं शिरली होती. बाबा अजिंठ्याच्या लेण्यांत गाइड होते. मूळचे अजिंठा गावचेच. तरुणपणी लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड विकता विकता त्यांनी पाहुण्यांच्या भाषा उचलल्या. पुढं परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि आम्ही शहरात, हर्सूलला राहायला आलो. इंग्रजी सगळ्याच गाइडांना येत होतं. बाबांनी इटालियन धरली. एका म्हाताऱ्या इटालियन जोडप्यानं त्यांना कॅसेटी पाठवल्या होत्या. आमच्या घरात सकाळी भक्तिगीतांच्या जागी त्या वाजायच्या. एक बाई काहीतरी म्हणायची आणि बाबा दाढी करता करता तिच्यामागून म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या बाईला गप करा आधी!"

निजामाच्या राज्यात इटलीहून दोन कारागीर अजिंठ्याची चित्रं साफ करायला आले होते. त्यांनी चित्रांवर चढवलेलं वार्निश पुढं पिवळं पडलं. बाबा इटालियन पाहुण्यांना हटकून ते दाखवायचे. म्हणायचे, "तुमची माणसं आली आणि आमच्या बोधिसत्त्वाला कावीळ करून गेली." पाहुणे हसायचे, आणि मग बाबांना घरी यायचं निमंत्रण द्यायचे. मिलानला या, सिएनाला या. बाबा हो म्हणायचे. कधी गेले नाहीत. आधी आमची शिक्षणं, मग आईचं ऑपरेशन, मग पाहुणेच कमी झाले.

लग्न हिवाळ्यात झालं आणि फेब्रुवारीत आम्ही निघालो. निघताना आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बाबांनी काही दिलं नाही. फक्त म्हणाले, "रोज फोन कर. देऊळ असू दे, वाडा असू दे, मला दाखव. तुम्हा दोघांची तोंडं मला दाखवू नका, ती मी बघितलेली हायेत."

रोममध्ये सारखा पाऊस होता. हॉटेल स्टेशनजवळ, खोली लहान, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. नवरा मुळात कमी बोलणारा. आमची ओळखही अजून पाहुण्यांसारखीच होती. एकमेकांना आधी वाढायचं, आधी आंघोळीला जा म्हणायचं. इंटरनेटचं सिमकार्ड आम्ही एकच घेतलं होतं, ते त्याच्या फोनमध्ये. बाबांना फोन लावायचा झाला की मी त्याच्याकडून जोडणी घ्यायची.

रोममध्ये एक गोल देऊळ आहे. त्याच्या घुमटाला मधोमध मोठं भोक आहे, उघडं. आम्ही गेलो तेव्हा त्या भोकातून पाऊस सरळ आत पडत होता आणि लोक कडेनं उभं राहून बघत होते. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी घुमट बघितला, पाऊस बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी जातं कुठं?"

मला ते सुचलंच नव्हतं. नवऱ्यानं खाली वाकून फरशीतली बारीक छिद्रं शोधली. मी फोन तिकडं धरला.

"हां," बाबा म्हणाले, "आता झालं. जावईबापू, डोळे हायेत तुम्हाला."

नवरा लाजला. त्या दिवशी जेवताना तो पहिल्यांदा आपणहून बोलत राहिला. त्याच्या वडिलांबद्दल सांगत होता. तो शाळेत असतानाच ते गेले होते. "तुझ्या बाबांशी बोलताना बरं वाटतं," तो म्हणाला. मला त्या संध्याकाळी वाटलं, हे जमेल. आमचं जमेल.

फ्लॉरेन्सला जाताना रेल्वेत बाबांचा आवाजी निरोप आला. "उद्या भिंतीवरची चित्रं बघ. त्यांचा गिलावा ओला असतानाच रंग लावतेत, म्हणून तो भिंतीत मुरतो. आपलं काम सुक्यावरचं. दोन्हीत फरक काय दिसतो, तू सांग मला. आणि हात लावू नको, तिथले गार्ड लई वरडतेत." मागून आई काहीतरी म्हणत होती. निरोप तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले होते. पाण्याच्या आवाजातून मला तो फोनवर बोलतोय असं ऐकू आलं. बाहेर आले तर तो पलंगाच्या कडेवर बसला होता. एका पायात बूट, दुसरा बूट हातात.

"कुणाचा फोन?"

"तुझ्या दादाचा. सगळे बरे आहेत." त्यानं बूट पायात चढवला. "बाबांचा फोन बिघडलाय म्हणे. दुरुस्तीला टाकलाय. आणि आपला नेटचा पॅकही संपत आलाय, जपून वापरावा लागेल."

मी केस पुसत होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आज बाहेर जायचं का? की आराम करायचा?"

"आराम? बाबांनी अभ्यास दिलाय मला."

"हो," तो म्हणाला. "ते आहेच."

आम्ही एका जुन्या मठात गेलो. तिथं साधूंच्या राहायच्या लहान लहान खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर एकच चित्र. अजिंठ्याची आठवण यावी अशीच जागा. तसाच मंद उजेड, तशीच एका माणसापुरती जागा. फोन लागत नव्हता म्हणून मी प्रत्येक खोलीत उभी राहून बाबांसाठी बोलून ठेवलं. रंग फिके आहेत पण भिंतीत गेलेले दिसतात. आपल्याकडं पापुद्रे निघतात, इथं तसं नाही. निळा कमी वापरलाय. चेहरे आपल्यासारखे भरलेले नाहीत, शांत आहेत. मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडं या ना, हे बघा." तो ओसरीत भिंतीकडं तोंड करून उभा होता. मला वाटलं, कंटाळला. मला थोडा रागही आला.

दुपारी तो फारच प्रेमानं वागायला लागला. माझी पिशवी त्यानं घेतली. थंडीत आइस्क्रीम खायची माझी इच्छा मी सहज बोलून दाखवली, तर त्यानं लगेच आणून दिलं. स्वतः खाल्लं नाही. नदीवरच्या सोनारांच्या पुलावर एक कोरियन मुलगी म्हणाली, तुम्हा दोघांचा फोटो काढते. तो "नको, नको" म्हणत होता. मीच त्याला ओढून उभं केलं. त्या फोटोत मी मोठ्यानं हसतेय.

फ्लॉरेन्सची ती दुपार म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ. मी पुलावर होते, तेव्हा तिकडं दादानं बाबांना अग्नी दिला होता. हे मला नंतर हिशेब लावताना कळलं. तो हिशेब मी किती वेळा लावला असेन, सांगता येत नाही.

फ्लॉरेन्समध्ये आम्ही अजून एक दिवस राहिलो. मी घरी फोन लावायला म्हटलं की रेंज नाही, तिकडं दादा कामात आहे, उद्या लावू. हॉटेलचं वायफाय चालत नाही असं त्यानं मला सांगितलं आणि मी ते मानलं. त्यानं खोटं बोलावं असं त्याच्यात मला काही दिसलंच नव्हतं. रात्री तो कूस बदलत राहायचा. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "पोटात जड झालंय." मी त्याला ओवा दिला. त्यानं तो मुकाट्यानं चावून खाल्ला.

व्हेनिसला पोचलो तेव्हा धुकं होतं. समोरचा काठ दिसत नव्हता, नुसती बोटींची धडधड ऐकू यायची. आमची खोली एका बाईच्या घरात वरच्या मजल्यावर होती. बाई गोड होती. नवरा खाली काही खायला आणायला गेला आणि तिनं चादरी देता देता मला वायफायचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी दिली. मी फोन जोडला.

फोन थरथरायला लागला आणि थांबेना. पहिला निरोप शाळेतल्या मैत्रिणीचा होता. "फार वाईट वाटलं गं. खचू नकोस." मला वाटलं, चुकून मला आलाय. दुसरा कंपनीतल्या बाईंचा. मी चितेगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात काम करते, तिथल्या. "काकांना भावपूर्ण श्रद्धांजली." मी 'काका' या शब्दावर अडले. कोण काका? त्याच्याखाली फोटो होता, हार घातलेला. बाबांचा परवान्यावरचा फोटो, मोठा केलेला.

मी खाली बसले. फोन हातात वाजतच होता. एक आवाजी निरोप चाचांचा होता. चाचा म्हणजे बाबांच्या जोडीनं लेण्यांत काम केलेले गाइड, अजिंठा गावातलेच. लहानपणापासून मी त्यांना चाचाच म्हणते. त्यांचा आवाज बसलेला होता. "बेटी, मैं चाचा. मिट्टी में आया था मैं, हर्सूल कू. तेरे अब्बा का चेहरा एकदम सुकून में था, बोले तो सोये जैसा. तू उधर दूर है. रोना आया तो रो ले, रोकना नक्को. पन अकेली मत बैठ. दामाद कू बाजू में बिठा ले."

दार उघडलं. नवरा कागदी पिशवी घेऊन आला. त्यानं मला बघितलं, फोन बघितला. पिशवी त्यानं हळूच टेबलावर ठेवली.

"कधी?" मी विचारलं.

"फ्लॉरेन्सला. पहिल्या सकाळी."

"मी आंघोळीला गेले होते तेव्हा."

"हो."

"कसे?"

"चहा पिऊन खुर्चीत बसले होते. आईंना वाटलं, डुलकी लागली."

तोच पुढं बोलायला लागला. "दादानं शपथ घातली. म्हणाला, तिकीट मिळून ती इथं येईपर्यंत दीड दिवस जाईल. आम्ही काही तेवढं थांबणार नाही. मग परक्या मुलखात तिला कशाला रडवता, फिरून होऊ द्या, आल्यावर सांगू."

"थांबणार नाही म्हणजे?"

त्यानं मान खाली घातली. "तुझ्यासाठी. अंत्यविधी थांबवणार नाही म्हणाला."

"आणि तू हो म्हणालास? तू मला आइस्क्रीम आणून दिलंस. तू माझ्याबरोबर पुलावर उभा राहिलास. मी तुला ओवा दिला!"

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. पुढं ते तसंच राहिलं. बाहेरच्यांना वाटतं, आमच्यात किती मोकळेपणा आहे.

मी आईला फोन लावला. आई आधी रडली, मग एकदम थांबून म्हणाली, "जेवलीस का?" मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "माय, मला कुणी इचारलंच नाय. मी भितीला टेकून बसले होते. सगळं दादानं आन् तुझ्या काकांनी ठरीवलं." मग म्हणाली, "सकाळी तू फोनवर धाडलेलं ते भोकाचं देऊळच बघत होते. शेजारच्यांना बोलावून दाखवलं."

विमान दुसऱ्या दिवशी होतं. आधीचं मिळालं नाही. तो फोनवर तासभर सगळ्यांशी बोलत होता, पण मिळालं नाही. मी खाली उतरले आणि चालत सुटले. व्हेनिसच्या गल्ल्या एका माणसापुरत्या, मध्येच पाण्यात जाऊन संपणाऱ्या. दुकानांच्या काचांत मुखवटे टांगलेले होते. कुठं जायचं मला ठाऊक नव्हतं. तो माझ्या मागं येत होता, थोडं अंतर ठेवून. मी वळून बघितलं की थांबायचा. एका ठिकाणी वाट संपली आणि मला परत फिरावं लागलं. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, मला जायला जागा दिली, आणि पुन्हा मागं आला. एका लहानशा चर्चमध्ये जाऊन मी बसले. तो शेवटच्या बाकावर बसला. मला रडू आलं ते तिथं. तो जवळ आला नाही. तो आला असता तर मी त्याला ढकललं असतं, हे मला माहीत आहे. तरीही तो आला नाही, हे मी त्याच्या नावावर मांडून ठेवलं.

चिकलठाण्याला उतरलो तेव्हा दादा न्यायला आला होता. डोकं भादरलेलं. तो मला मिठी मारायला पुढं आला आणि मी हात जोडले, परक्याला जोडावेत तसे.

घरी बायका बसल्या होत्या. आत्यानं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मी म्हणाले, मला सुतक पाळायचंय, मी दहाव्यापर्यंत इथंच राहणार. आत्या हळू आवाजात म्हणाली, "लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस असतंय, बाई. तुझं तर तिकडंच फिटलं."

ते तीन दिवस कोणते, ते मी मनात मोजू लागले. मठ, पूल, आइस्क्रीम, पिसाच्या बाजूला जायचं की नाही यावर आमचं झालेलं लाडीक भांडण. माझं सुतक मी असं पाळलं होतं.

दहाव्याला पैठणला गेलो. चितेगाववरून गाडी गेली तेव्हा कंपनीचं फाटक दिसलं. पाळी सुटत होती, बायका रिक्षांची वाट बघत उभ्या होत्या. बायकांनी घाटावर यायचं नसतं असं काका म्हणाले, पण जोर करून म्हणाले नाहीत. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, "कशातच जीव अडकला नव्हता माणसाचा." मी गोदावरीकडं तोंड करून उभी राहिले. आयुष्यभर ज्या देशाची भाषा बोलले तिथं त्यांचं पाऊल पडलं नाही, आणि हे म्हणतात इच्छा राहिली नाही. पण भांडायचं कुणाशी? कावळ्याशी?

नंतरचे महिने वाईट गेले. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर कदाचित संपलं असतं. तो डबा घेऊन जायचा, यायचा, मला काय हवं नको विचारायचा. मी हो, नाही म्हणायचे. इटलीचे फोटो कुणी मागितले तर तो म्हणायचा, मेमरी कार्ड खराब झालं. ते खराब झालेलं नव्हतं. मठातल्या खोल्यांत मी बाबांसाठी बोलून ठेवलेलं सगळं माझ्या फोनमध्ये होतं. एकदा ऐकायला लागले. पहिल्याच खोलीतलं, "बाबा, हे बघा," एवढं ऐकलं आणि बंद केलं. तो फोन पुढं बिघडला. मी तो दुरुस्तीला दिला नाही.

सासूबाई आमच्याजवळच राहायच्या. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, पण एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्याचा बाप गेला तवा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. परीक्षा चालू व्हती. पेपर झाल्यावर सांगितलं. तवापासून ते असंच हाये, घुमं." मी परातीतलं पीठ मळत राहिले. त्याला स्वतःला हे असं झालेलं असताना त्यानं माझ्याशी तेच केलं, याचा मला जास्तच राग आला. की त्याला दुसरं काही येतच नव्हतं? तेव्हा मी तसा विचार केला नाही.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. नवरा कंपनीच्या कामानं वापीला गेला होता, स्वतःची गाडी घेऊन, आणि नुकताच परत निघाला होता. मोठे दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला एवढ्यात सांगू नका. आई सीरियस आहे, एवढंच सांगा. एवढा लांबचा रस्ता एकट्यानं गाडी चालवत यायचंय त्याला."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी दवाखान्याच्या जिन्यात गेले आणि त्याला फोन लावला. म्हणाले, "गाडी कडेला घे आधी." त्यानं घेतली. "आई गेल्या," मी म्हणाले.

पलीकडून बराच वेळ फक्त ट्रकांचे आवाज आले. मग तो रडायला लागला. मोठा माणूस इतका वेळ रडलेला मी कधी ऐकला नव्हता. मी फोन कानाला धरून जिन्यात उभी राहिले. लोक वरखाली करत होते. मी एवढंच म्हणत होते, "मी आहे. मी ऐकतेय." त्यानं गाडी तिथंच ठेवावी, कुणी चालक बघावा, असं मी विनवलं. त्यानं ऐकलं नाही. स्वतःच चालवत आला.

त्याच्यासाठी सगळे थांबले. बर्फाची पेटी आणली, पाहुण्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ कळवली. धाकट्या मुलाचं तोंड बघितल्याशिवाय कसं न्यायचं, असं जो तो म्हणत होता. मी पेटीजवळ बसून ते ऐकत होते. सासूबाईंवर माझा जीव होता, मी खरंच रडत होते. पण ते ऐकताना माझं रडणं थांबलं.

सगळं आटोपून घर रिकामं झाल्यावर एका दुपारी मी त्याला विचारलं, "मी तुला तेव्हाच सांगितलं, ते बरं केलं ना?"

तो खिडकीपाशी बसला होता. म्हणाला, "माहीत नाही." मग म्हणाला, "त्या रस्त्यावर मी एकटा होतो गं. तू व्हेनिसपर्यंत एकटी नव्हतीस. एक क्षणही मी तुला एकटं सोडलं नव्हतं."

हे खरं आहे. तो पूर्ण वेळ माझ्याबरोबर होता, माझी पिशवी सांभाळत, माझं दुःख माझ्याआधी एकट्यानं भोगत. पण ते दुःख माझं होतं, आणि त्यात मीच नव्हते. हे त्याला कसं सांगायचं, मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. तो आता वापीला गाडी घेऊन जात नाही. बसनं जातो, आणि पोचला की आधी मला फोन करून विचारतो, "घरी सगळं ठीक ना? खरं सांग."

मी खरं सांगते.